दोघं मिळून एक ड्रायव्हर

माईंना गाडी चालवता येत नव्हती. गाडी सोडा, सायकलसुद्धा नाही. जन्मात त्यांनी एकच चाक फिरवलं, ते शिलाई मशीनचं. तरीही गेलं वर्षभर लॉन्ड्रीची ती पांढरी व्हॅन सिग्नलला कधी थांबायची आणि कधी सुटायची, ते माई ठरवत होत्या. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक माई आणि दुसरे त्यांचे यजमान, त्या व्हॅनचे ड्रायव्हर. त्यांना सगळे नाना म्हणत.

नानांचं काम सरळ होतं. हॉटेलांतून आणि दवाखान्यांतून मळक्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे गोळा करायचे, लॉन्ड्रीत टाकायचे आणि इस्त्री होऊन कडक घड्या घातलेले गठ्ठे परत पोचवायचे. उभा जन्म याच कामात गेला. माणूस तसा नाकासमोर चालणारा, पण गाडीचा विषय निघाला की असे काही फुलायचे की विचारू नका. ‘आपल्या गाडीचा आजवर कुणाला धक्का लागला नाही,’ हे वाक्य लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्या बायकांना पाठ झालं होतं. नानांनी तोंड उघडलं की त्या एकमेकींकडे बघून हळूच तेच वाक्य पुटपुटायच्या.

मग डोळे बिघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. म्हणजे गंमत बघा, कडेचं सगळं दिसायचं. काचेवर बसलेली माशी दिसायची, शेजारून जाणारी सायकल दिसायची, रस्त्याच्या कडा दिसायच्या. पण जिथे बघावं नेमका तिथेच धुरकट डाग. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा नाही. ‘गाडी आजपासून बंद,’ डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. नानांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, खाली उतरले आणि व्हॅन चालवत घरी आले. घरी अवाक्षर काढलं नाही. आता अशा माणसाला काय म्हणावं!

माईंना कळलं ते असंच एकदा. लेकीकडे जायचं म्हणून त्या व्हॅनमध्ये पुढे बसल्या होत्या. सिग्नल हिरवा झाला तरी नाना ढिम्म. मागून हॉर्न सुरू झाले. माई म्हणाल्या, “अहो, झोपलात का? हिरवा झाला.” गाडी सुटली. पुढच्या सिग्नलला नाना पुन्हा तसेच बसून राहिले, पण या वेळी त्यांचा कान माईंकडे वळला होता. माई त्या वळलेल्या कानाकडे बघत राहिल्या. नवऱ्याला ओळखत होत्या त्या, मान अशी कधी तिरकी होते तेही.

त्या रात्री नानांनी सगळं सांगितलं आणि सांगून झाल्यावर वर शपथ घातली. चिंगीची शपथ, कुणापाशी बोलायचं नाही. चिंगी म्हणजे त्यांची नात, लेकीची एकुलती एक. नानांचाही जीव की प्राण. अशी शपथ कुणी घालतं का? पण घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. “मी घरी बसून काय करू गं?” ते म्हणाले. “पडद्यांच्या घड्या घालू?” आणि त्यांचा आवाज फुटला. तो आवाज ऐकून माईंचं काळीज तुटलं आणि त्या हो म्हणून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून माई कामाला. लॉन्ड्रीच्या मालकाला सांगितलं, गठ्ठे मोजून घ्यायला जोडीला माणूस हवं, मी येते. फुकटात माणूस मिळालं तर मालक कशाला नाही म्हणतोय! माई पुढच्या सीटवर बसायच्या, मांडीवर डब्याची पिशवी, आणि तीन शब्द बोलायच्या. लाल. पिवळा. हिरवा. बाकी सगळं नाना करायचे. लेन कुठली धरायची, कधी बदलायची, पांढऱ्या रेषेच्या किती मागे थांबायचं, ते त्यांच्या हातापायांत मुरलेलं होतं. शिवाय त्यांनी एक युक्ती काढली होती. सिग्नल जवळ आला की वेग कमी करून दुसऱ्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं आणि तिच्या मागे चालायचं. पहिला नंबर नको. पहिला नंबर लागला की माईंचे तळहात घामाने ओले व्हायचे. “आपण दोघं मिळून एक ड्रायव्हर,” नाना खुशीत म्हणायचे. माई हसायच्या, आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या देवापुढे दिवा लावायच्या.

असं वर्ष निघालं. मग लेक आली ती आनंदाची बातमी घेऊनच. तिला नवी नोकरी लागली होती, जुनीपेक्षा चांगली, पण वेळ दुपारची. चिंगीला शाळेतून आणायचं कुणी? “बाबा, तुमची व्हॅन तिथूनच तर जाते ना? सोमवारपासून तुम्हीच आणा तिला.”

“आणतो की! त्यात विचारायचं काय?” नाना म्हणाले. माईंकडे बघितलंसुद्धा नाही. बघून तरी काय दिसणार होतं म्हणा.

“आई, तू का गप्प?” लेकीने विचारलं.

माईंच्या ओठांवर आलं होतं. पण समोर चिंगी सोफ्यावर उड्या मारत होती, आणि तिच्याच नावाची शपथ होती. माई शिकलेल्या होत्या, शपथ मोडल्याने कुणाला काही होत नाही हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग? “काही नाही, गॅसवर दूध आहे,” असं म्हणून त्या उठल्या. गॅसवर काहीही नव्हतं.

त्याच आठवड्यात शाळेजवळच्या मोठ्या चौकात नवे सिग्नल लागले. जुना खांब गेला. जुन्यावर तीन दिवे होते आणि माईंकडे तीन शब्द, हिशेब बरोबर होता. नव्यावर दिव्यांची गर्दी. गोल दिवे, बाणांचे दिवे, रस्त्यावर ताज्या पांढऱ्या रंगाचे बाण. त्या दिवशी पुढची गाडी ऐनवेळी वळून निघून गेली आणि नानांचा पहिला नंबर लागला. मधली लेन, सरळ जाणारी. समोर लाल. माई डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या. तेवढ्यात हिरवं काहीतरी लकाकलं.

“हिरवा,” माई म्हणाल्या.

नानांनी गाडी सोडली. हिरवा होता तो डावीकडच्या लेनचा बाण. सरळ जाणाऱ्यांचा गोल दिवा लालच होता, पण माईंना बाण कुणाचा आणि गोल कुणाचा हे कोण सांगणार? त्यांनी हिरवा बघितला, हिरवा म्हणाल्या. डाव्या रस्त्यावरून एक स्कूटर वळून थेट समोर आली, पुढे बाई, मागे तिला बिलगलेला मुलगा. माई किंचाळल्या. नानांना स्कूटर कडेनं दिसली आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला. मागचे गठ्ठे धाडधाड कोसळले. स्कूटर डगमगली, पडता पडता सावरली. स्कूटरच्या आरशाला ओरखडा, बाकी देवाची कृपा.

बाई उतरून खिडकीपाशी आली. “डोळे फुटले का तुमचे? लाल दिसत नाही?”

रोज चौकाचौकात माणसं एकमेकांना हेच म्हणतात आणि पुढे जातात. नानांनी हात जोडले. बाईच्या मागे तो मुलगा उभा होता, चिंगीएवढाच, दप्तर पाठीला. माई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मांडीवरचा डबा पिशवीतच सांडला होता आणि आमटी साडीवरून खाली ठिबकत होती, तेही त्यांना घरी येईपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर नानांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली.

“चूक तुझी नाही. मी शिकवलंच नाही तुला,” ते म्हणाले. “इकडे बस.”

काडेपेट्यांच्या गाड्या झाल्या, चमचे झाले बाण. नाना बोटांनी चाचपत एकेक मांडत होते. “ही डावी लेन, फक्त डावीकडे वळणाऱ्यांची. ही मधली सरळ. ही उजवी. बाणाचा दिवा त्या बाजूला वळणाऱ्यांसाठी, गोल दिवा आपल्यासाठी. चौकाच्या अलीकडे रेघ सलग झाली की लेन बदलायची नाही, आधी जे धरलं ते धरलं. पिवळा झाला आणि थांबता येत असेल तर थांबायचं, पळायचं नाही. पळणारे गाढव असतात. आणि हिरवा झाला तरी आधी दोन्हीकडे बघायचं, कारण गाढवं फार आहेत.”

काय शिकवलं हो त्या माणसाने! इतकं नीट, इतकं प्रेमाने, की माईंना वाटलं, हे ड्रायव्हर झाले नसते तर मास्तर झाले असते. एवढं सगळं डोक्यात आहे आणि डोळ्यांनी दगा दिला. माईंना भरून आलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “चिंगीला आपण रिक्षाने आणू या का?”

नानांचा हात थांबला. “का?”

“आज जे झालं...”

“एकदा झालं! आता तुला सगळं शिकवलंय ना मी?” त्यांनी टेबलावर हात आपटला, काडेपेट्या खाली पडल्या. “लेकीला काय सांगशील? रिक्षा का म्हणून? तिला संशय आला की संपलं. शपथ आहे तुला.”

माई खाली वाकून काडेपेट्या गोळा करू लागल्या. एक फ्रिजखाली गेली होती. तिच्यामागे हात घालून त्या तशाच बसून राहिल्या, जमिनीवर, कारण उठून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

रविवारी माई भाजी आणते म्हणून निघाल्या आणि त्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. शिकलेलं पक्कं करायचं होतं. परीक्षेला बसल्यासारख्या ओठातल्या ओठात बोलत होत्या, “गोल लाल, डावा बाण हिरवा, स्कूटर येतेय, माणसं ओलांडतायत, गोल पिवळा...” आणि एवढं बोलून होईपर्यंत तिकडे सगळं बदललेलं असायचं. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ गेला कोण जाणे, चौकातला तरुण पोलीस त्यांच्याजवळ आला.

“आजी, ओलांडायचंय का?” आणि उत्तराची वाटसुद्धा न बघता त्याने माईंचा हात धरला, शिट्टी मारून गाड्या थांबवल्या आणि त्यांना पलीकडे नेऊन सोडलं. चांगला मुलगा. माईंना परत अलीकडे यायचं होतं, पण सांगणार कसं? थोड्या वेळाने त्या आपल्या आपण परत आल्या. पोलीस पुन्हा हजर.

“आजी, नक्की कुठे जायचंय?”

“कुठे नाही रे बाबा. सिग्नल समजून घेतेय.”

“या वयात गाडी शिकताय? वा!” तो मनापासून खुश झाला आणि त्याने सगळं पुन्हा समजावलं. नानांनी सांगितलं तेच. माईंनी ऐकून घेतलं, सगळ्याला हो हो केलं. मग घसा साफ करून विचारलं, “आणि एखाद्याला हे नीट दिसत नसेल तर? म्हणजे शेजारी सांगणारं कुणी असेल तर?”

पोलीस हसला. “सांगणाऱ्याचं सांगून होईपर्यंत माणूस चाकाखाली यायचा, आजी. ज्याला दिसत नाही त्याने गाडी चालवायची नाही. यात समजून घेण्यासारखं काही नाही.”

माई तिथेच फुटपाथच्या कठड्यावर टेकल्या. त्यांना हे ठाऊकच होतं. वर्षभर ठाऊक होतं. डोळे पाच गोष्टी एकदम बघतात आणि जीभ एका वेळी एकच शब्द बोलते. टेबलावर कितीही रेघा ओढल्या तरी त्याला इलाज नव्हता. भाजी न घेताच त्या घरी गेल्या.

सोमवार उजाडला. माईंचा चहा कपातच निवला. वाटलं, ताप यावा, व्हॅनचा टायर फुटावा, शाळेला अचानक सुट्टी मिळावी. कशाचा पत्ता नाही. व्हॅन इतकी गुणाने चालत होती की माईंना तिचाच राग आला. दुपारी शाळेच्या फाटकाशी चिंगी उभीच होती, एक वेणी सुटलेली, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. ती दोघांच्या मध्ये बसली. माईंनी तिचा पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला.

“आजी, पोट दुखतंय ना!”

“दुखू दे.”

निघाल्या निघाल्या पहिलाच चौक तो. पुढे एक टेम्पो होता. माई मनात म्हणत होत्या, राहा बाबा पुढे, राहा. टेम्पो डाव्या लेनमध्ये गेला. रेघ सलग झाली. नाना मधल्या लेनमध्ये, पहिला नंबर.

“लाल,” माई म्हणाल्या. व्हॅन थांबली, रेषेच्या बरोबर मागे, सुतात.

“आजी, तू असं का सांगतेस?” चिंगीने विचारलं.

“खेळ आहे आमचा,” नाना हसत म्हणाले. “आजी सिग्नल ओळखते, मी गाडी सोडतो. तू पण खेळणार?”

“अहो!” माई म्हणाल्या.

चिंगी पुढे सरकली, टक लावून बघू लागली. डावीकडचा बाण लकाकला.

“हिरवा! आजोबा, हिरवा!”

नानांचा पाय हलला. व्हॅनने पुढे झेप घेतली.

“लाल!” माई ओरडल्या. असा आवाज त्यांनी जन्मात काढला नव्हता. व्हॅन गचका खाऊन थांबली. समोरून एक सायकलवाला वळून गेला, त्याने मान वळवूनही बघितलं नाही. त्याला कळलंसुद्धा नाही. चिंगीचं बिस्कीट खाली पडलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. माईंचा हात तिच्या छातीवर आडवा होता. हाताखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं.

“बाण होता तो,” नाना कोरड्या आवाजात म्हणाले. “तिला शिकवायला पाहिजे.”

माईंनी तिच्या छातीवरचा हात काढला नाही. मग गोल दिवा हिरवा झाला. खराखुरा, त्यांच्या लेनचा, स्वच्छ हिरवा. शेजारच्या गाड्या सुटल्या. नाना मान तिरकी करून वाट बघत होते.

माई म्हणाल्या, “लाल.”

चिंगीने आजीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. पण एकदा चुकली होती, म्हणून गप्प बसली. मागून पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग सगळ्यांनी मिळून कहर केला.

“अगं, हॉर्न वाजवतायत.”

“वाजवू देत. लाल आहे.”

“शेजारून गाड्या चालल्यात. मला कडेनं दिसतंय.”

“त्यांना हिरवा आहे. तुम्हाला लाल आहे.” माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. “आज लाल, उद्या लाल. मी आता दुसरा शब्द बोलणार नाही. शपथ तुमची पाळली ना मी? कुणाला सांगितलं नाही. पण हिरवा म्हणणार नाही.”

नाना बसून राहिले. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. समोरचा दिवा पिवळा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. गाड्या शिव्या देत बाजूने जाऊ लागल्या.

“आजोबा,” चिंगी अगदी हळू म्हणाली, “हिरवा आहे ना?”

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याकडे वळून बघितलं. त्यांना तिचे कान दिसले असतील, सुटलेली वेणी दिसली असेल. “नाही गं राजा,” ते म्हणाले. “आजी म्हणते तेच बरोबर.” आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग सवयीने धोक्याचे चारही दिवे लावले.

तोच तरुण पोलीस धावत आला. खिडकीत वाकला आणि माईंना बघून चकित झाला. “आजी, तुम्ही? काय झालं काका, गाडी बंद पडली?”

“गाडी ठणठणीत आहे,” नाना म्हणाले. “मला दिसत नाही, साहेब. सिग्नल दिसत नाही. बरेच दिवस झाले.”

पोलिसाने त्यांच्याकडे बघितलं, मग माईंकडे. कालचं त्याला आठवलं असावं. तो ओरडला नाही. “किल्ली द्या,” म्हणाला. नानांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवायला हात पुढे केला, पण बोटं उघडेनात. माईंनीच ती एकेक करून उघडली.

पोलिसाने व्हॅन कडेला घेतली. मालकाला कळवावं लागेल, लायसन्सचं बघावं लागेल, लेक रडेल, रागावेल, सगळं होणार होतं. सध्या तिघं फुटपाथवर उभी होती आणि घर चौकाच्या पलीकडे होतं. चिंगी मध्ये, एक हात आजीच्या हातात, एक आजोबांच्या. समोर पायी जाणाऱ्यांचा दिवा लाल होता. माईंनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे.

नाना मान तिरकी करून उभे होते. समोरचा दिवा बदलला.

“हिरवा,” माई म्हणाल्या. “चला.”